व्याह्यानं धाडलेलं घोडं

कोरोमंडलचा किनारा चेन्नईपासून दक्षिणेकडे उतरत येतो आणि नागपट्टणमच्या खाली एका ठिकाणी एकदम काटकोनात पश्चिमेला वळतो. त्या कोपऱ्याचं नाव कोडियक्करै. इंग्रजांच्या नकाशात पॉइंट कॅलिमियर. पूर्वेला बंगालचा उपसागर, दक्षिणेला पाल्कची सामुद्रधुनी, तिच्यापलीकडे श्रीलंका आणि पाठीशी वेदारण्यमची मैलोन्‌मैल पसरलेली खारी दलदल. 1967 साली इथं काळविटांसाठी अभयारण्य झालं. 2002 साली दलदलीसकट हा सगळा टापू रामसर यादीत गेला, तमिळनाडूतला पहिलाच. अभयारण्याच्या नावात पक्षी आहेत, स्थापनेच्या कारणात काळवीट. तिथले घोडे मात्र या दोन्हींत कुठंच नाहीत, आणि मला बघायचे होते ते घोडेच.

‘‘घोडे बघायला एवढ्या लांब? माथेरानला जा की,’’ दादा म्हणाला होता. दादा पक्षीवाला. खांद्यावर दुर्बीण, पाठीवर तिकाटणं, खिशात वही. त्याच्या लेखी कोडियक्करै म्हणजे सायबेरियातून आलेले चिखलपक्षी. त्यामुळे आम्ही दोघं एकाच गाडीतून दोन वेगळ्या गावांना निघालो होतो, असं म्हटलं तरी चालेल.

तंजावरहून निघालो तेव्हा पोंगल तोंडावर आला होता. कावेरीच्या खोऱ्यात सांबा भाताची कापणी चाललेली. निम्मा रस्ता गाड्यांना, निम्मा वाळत घातलेल्या भाताला. ड्रायव्हर अण्णा दाण्यांवरून चाक जाऊ नये म्हणून अशी वळणं घेत होते की मन्नारगुडीपर्यंत माझं डोकं गरगरायला लागलं. शेतांत उघड्या चोचीचे करकोचे गोगलगायी शोधत फिरत होते आणि दर दहा मिनिटांनी दादा ‘‘थांबवा, थांबवा’’ करत होता. तिरुत्तुरैपूंडी सोडलं की भात मागं पडतो, जमीन सपाट आणि पांढरट होत जाते, आणि मग मिठागरं सुरू होतात. झापांनी शाकारलेल्या मिठाच्या राशी, चौकोनी वाफे, त्यांत उभं आकाश. 1930 च्या एप्रिलमध्ये राजाजी तिरुचिरापल्लीहून शंभरेक स्वयंसेवक घेऊन पायी निघाले आणि दोन आठवड्यांनी पोचले ते याच वेदारण्यमला. त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे शिरोड्याच्या मिठागरांत सत्याग्रह झाला. वेदारण्यमच्या सत्याग्रहींना हाताशी धरणारे वेदरत्नम पिल्लै स्वतः मिठाचे कारखानदार होते. कायदा मोडायला मिठाच्याच धंद्यातला माणूस पुढं यावा, हे मला फार आवडतं.

वेदारण्यमपासून पुढं दहा-अकरा किलोमीटर. कोडियक्काडु गाव संपलं की झाडी अंगावर येते. ही झाडी उंच नाही. नजर टाकली तर शेंड्यांची रेघ सरळ, समुद्रवाऱ्यानं कातरल्यासारखी. शुष्क सदाहरित जंगल म्हणतात याला: पाऊस वर्षातले दोन-अडीच महिने, तोही ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, पण पानं बारा महिने हिरवी. खिरणीची झाडं सगळ्यांत जास्त, मध्येमध्ये जांभूळ, पिलू, काटेरी जाळ्या. बुंध्यांवर मीठ साचल्यासारखं काहीतरी चढलेलं. नोव्हेंबर 2018 मध्ये ‘गज’ चक्रीवादळ जमिनीवर चढलं ते इथल्याच किनाऱ्यावर, मध्यरात्रीनंतर. किती झाडं मुळासकट गेली ते अजून दिसतं. आडवे पडलेले ओंडके तसेच आहेत, आणि काहींनी पडल्या जागी नव्या फांद्या सरळ वर धाडल्यात. त्या रात्रीनंतर काळविटांची आणि घोड्यांची कलेवरं लाटांबरोबर वाहत पार कारैकालच्या बाजूला लागली होती. वादळानं काही देशी-परका असा भेद केला नाही.

पहाटे नाक्यावर वनखात्याचे एक वाटाडे बरोबर मिळाले. वय पन्नाशीचं, खाकी शर्ट, खाली लुंगी, पायांत रबरी चपला. हिंदी शून्य, इंग्रजी माझ्या तमिळइतकीच, म्हणजे वीसेक शब्द. तेवढ्यावर दिवस निभावला. ड्रायव्हर अण्णा दुभाषे झाले, आणि प्रत्येक उत्तरात स्वतःची दोन वाक्यं घालून वाढवायला लागले.

पहिली घोडी दिसली ती जंगलात नाही, जंगल आणि दलदल यांच्या मधल्या उघड्या गवतावर. आधी दिसले गायबगळे, चार-पाच, गवतातून एका चालीनं सरकणारे. मग त्यांच्या मागं तपकिरी पाठी. सहा घोड्या, दोन शिंगरं आणि थोडं बाजूला उभं राहून आमच्याकडं बघणारा एक घोडा. अंगानं लहान. माझ्या खांद्याला त्यांची पाठ लागेल की नाही, शंका आहे. गावठी तट्टंच ती. बहुतेक कुमाईत रंगाची, एक मळकट पांढरी, एक शिंगरू कपाळावर टिळा घेऊन आलेलं. आयाळीत आणि शेपटीत काटेरी बोंडं अडकून त्यांच्या जटा झालेल्या. खरारा या अंगांना कधी ठाऊकच नाही. तरी पोटं भरलेली होती आणि कातडी नितळ. पावसाळा नुकताच सरला होता, गवत मुबलक होतं. वाटाडे म्हणाले, मे महिन्यात या, मग बरगड्या मोजता येतील. तेव्हा खातं टाक्यांमध्ये पाणी सोडतं. हरणं, घोडे, कोल्हे, माकडं सगळी तिथंच येतात.

घोडा आमच्याकडं पाहून एकदा फुरफुरला. मान खाली घालून चार पावलं पुढं आला, थांबला. आम्ही थांबलोच होतो. मग तो वळला, शेजारी असलेल्या लिदीच्या ढिगाऱ्यापाशी गेला, त्याचा वास घेतला, आणि त्यावरच आपली भर घालून परत जागेवर जाऊन उभा राहिला. दादासुद्धा हसला. नर घोडे असे ढीग राखतात, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, शेजारच्या कळपातल्या नराला निरोप म्हणून. आपल्याकडं गावच्या वेशीवर पाटी असते, तसंच.

कळप सरकल्यावर मी तो ढीग जवळून बघितला. दादानं नाक मुरडलं, पण या सहलीत मला सगळ्यांत जास्त काही कळलं असेल तर ते त्या लिदीतून. वरचा थर ओला, त्याखालचा वाळून भुस्सा झालेला, आणि त्या भुश्शातून बोटभर उंचीची रोपं वर आलेली. पंधरावीस तरी असतील. बारीक, दुहेरी पानं. वाटाड्यांनी त्यातलं एक उपटलं, माझ्यापुढं धरलं आणि तोंड वाकडं केलं. वेडी बाभूळ.

आपल्या माळांवरही हिनं काय धिंगाणा घातलाय ते महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. मूळची अमेरिका खंडातली. सरपणाला आणि उजाड जमीन झाकायला बरी म्हणून आणली, लावली, आणि मग ती कुणालाच आवरेना. शेंगा गोड असतात. जनावरं आवडीनं खातात, बी पचत नाही, पोटातून तावूनसुलाखून निघाल्यामुळं उलट लवकर रुजतं, आणि वर खत फुकट. घोडा दिवसभरात बराच फिरतो. म्हणजे शेंग इथं खायची आणि बी गवताच्या मधोमध नेऊन पेरायचं. जिथं बाभूळ वाढते तिथलं गवत मरतं. गवत मेलं की काळवीट गेलं, कारण काळवीट उघड्या मैदानाचा प्राणी. शत्रू लांबून दिसला पाहिजे आणि धावायला जागा पाहिजे. शिवाय उरलेल्या गवतावर घोडाही चरतो, आणि घोड्याला पुढचे वरचेही दात असल्यामुळं तो हरणापेक्षा बुडख्याला जास्त भिडतो. घोडे जिथं जास्त, तिथून काळवीट काढता पाय घेतात, असं इथं काम केलेल्या अभ्यासकांचं म्हणणं आहे.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण इतकी शब्दशः कुठं लागू पडत असेल, मला शंका आहे. कमी गवत, कमी गोडं पाणी, समुद्र आणि मिठागरं यांच्या चिमटीत सापडलेलं जेमतेम एकवीस-बावीस चौरस किलोमीटरचं अभयारण्य, आणि त्यात हा पाहुणा.

या पाहुण्याला कुणी धाडलं, याची उत्तरं विचारू तितकी. वाटाडे म्हणाले, पूर्वी गावातले लोक सामान वाहायला तट्टं पाळायचे; बैलगाड्या आल्या, मोटारी आल्या, तट्टं सोडून दिली. ड्रायव्हर अण्णांनी हेच दुभाषिपणात सांगता सांगता चोळ राजांना मध्ये आणलं. त्यांचा दोष नाही. ‘पोन्नियिन सेल्वन’ कादंबरीत कल्कींनी कोडियक्करै असं रंगवलंय, आणि 2022 पासून मणिरत्नमच्या चित्रपटानं ते पुन्हा असं घरोघर पोचवलंय, की इथं आलेला प्रत्येक तमिळ माणूस आधी होडी वल्हवणारी पूंगुळली शोधतो आणि मग हरणं. इथं एक जुना चोळकालीन दीपस्तंभही होता. 2004 च्या त्सुनामीत तो गेला. घोडे समुद्रातून आले ही कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही. उत्तरेला याच किनाऱ्यावरच्या कावेरीपट्टिणम बंदरात जहाजांतून घोडे उतरत, हे संगमकाळातलं ‘पट्टिनप्पालै’ सांगतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो इकडून गेला, तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की इथले राजे दरवर्षी हजारोंनी घोडे विकत घेतात आणि वर्षभरात त्यातले बहुतेक मरतात, कारण त्यांना कसं सांभाळायचं ते इथं कुणाला येत नाही. मांस घालून शिजवलेला भात चारतात म्हणे. अरबस्तानातून सोन्याच्या मोलानं आणलेले घोडे राजाच्या पागेत मेले, आणि गावात कुणाला नको झालेली ही तट्टं मोकळ्यावर, खाऱ्या वाऱ्यात, पिढ्यान्‌पिढ्या जगली.

आपल्या मनात दुसरंच काहीतरी येतं, हे कबूल करायला हरकत नाही. आदल्या दिवशी आम्ही तंजावरच्या बृहदीश्वराच्या आवारात होतो, जिथं सरफोजीराजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास भिंतीवर मराठीत कोरून ठेवलाय. इतक्या लांबच लांब मजकुरापुढं उभं राहिलं की मानेला कळ लागते. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरचं ‘अश्वशास्त्र’ आहे, चित्रांसकट. व्यंकोजीराजे 1675 च्या सुमारास इथं आले ते घोड्यांच्या पाठीवरूनच. तेव्हा दलदलीत उभी ही बुटकी, काटक तट्टं पाहिल्यावर भीमथडी आठवली तर नवल नाही. पुरावा काडीचा नाही. दादा म्हणाला, ‘‘उद्या त्यांच्या पायांत चांदीचे तोडे पण शोधशील.’’ ठीक आहे. पण तंजावरात ज्या काकांकडं आम्ही जेवलो, त्यांच्या घरात साडेतीनशे वर्षांनीही मराठी चालते, तमिळ क्रियापदांच्या कुबड्या घेऊन का होईना, आणि त्यांना कुणी तुम्ही इथले की तिकडचे असं विचारलं तर ते हसून सांबार वाढतात. तसं पाहिलं तर सांबारावरही भोसल्यांचा हक्क सांगितला जातोच.

काळवीट दिसले ते दुपारच्या आधी, रामर पादमच्या वाटेवर. रामर पादम म्हणजे रामाची पावलं असलेला शिळेचा छोटा मंडप. जिथं तो आहे ती टेकडी समुद्रसपाटीपासून चारेक मीटर, आणि आख्ख्या अभयारण्यात यापेक्षा उंच जागा नाही. आपल्या सह्याद्रीच्या माणसाला हसू येतं, पण त्या चार मीटरवरून दोन्ही समुद्र, जंगल आणि दलदल सगळं नजरेत येतं. खाली मैदानात एक नर, पाठ काळी, पोट खडूसारखं पांढरं, शिंगांना पीळ. माद्या बदामी. काहीतरी खुट्ट झालं आणि सगळा कळप एकामागोमाग एक उंच उड्या घेत सुटला, जणू जमीन गरम होती. घोडे तिथंच दोनशे पावलांवर चरत होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

इथं मला एक गोष्ट आठवली, ती वाटाड्यांना सांगायला ड्रायव्हर अण्णांना बरीच कसरत करावी लागली. गुजरातेत वेळावदरला काळविटांचं मोठं मैदान आहे. तिथल्या अभ्यासात दिसलं की काळविटाचा नरही आपली हद्द राखायला लेंड्यांचे ढीग घालतो, शेंगा तोही खातो, आणि वेड्या बाभळीचं बी त्याच्याही ढिगातून गवताच्या मधोमध रुजतं. म्हणजे आरोपी दोन आहेत, वॉरंट एकाच्याच नावानं. वाटाड्यांनी ऐकून घेतलं, जरा विचार केला, आणि जे म्हणाले त्याचा अण्णांनी केलेला अर्थ असा: हरीण इथलं आहे, त्याला माफ.

मला हे पूर्ण पटत नाही. मला घोडे हलवावेत असंही वाटत नाही आणि त्यांना वाढू द्यावं असंही नाही. माणसानं आणलेलं झाड, माणसानं सोडलेलं तट्टू, माणसानं मिठासाठी अडवलेलं पाणी, आणि हिशेब मागायचा तो तट्टाकडं, हे जरा सोयीचं आहे. बाभूळ आधी काढा. ती काढायचं काम चालूही आहे. मुळं खणून, रोपं हातानं उपटून, दरवर्षी. गवत परत आलं की हरणालाही पुरेल आणि घोड्यालाही. मग संख्या आवरायचीच तर माद्यांना लस टोचण्यापासून बरेच मार्ग जगात वापरले जातात. पण मी एक दिवसाची पाहुणी. ज्याला रोज पाण्याच्या टाक्या भरायच्या आहेत त्याचं मत वेगळं असणारच.

दुपार दादाची. आम्ही दलदलीच्या काठाला गेलो. जानेवारीत पाणी घोट्याएवढं, कुठं पोटरीएवढं, आणि अंतराचा अंदाज साफ चुकवणारं. लांबवर गुलाबी पट्टा दिसला. दुर्बिणीतून तो पट्टा फुटून हजारो पायांचा झाला. शिवडीला आणि ठाण्याच्या खाडीत आपण जे रोहित बघतो ते बहुतेक लहान जातीचे, गडद रंगाचे. इथले मोठे, उंच, फिके, पंख उघडले की आत कुंकू. माना पाण्यात उलट्या घालून चिखल गाळत चाललेले. यांची वीण कच्छच्या रणात. पलीकडं चित्रबलाक, चमचे, पाणकावळ्यांची रांग, सुरय पक्ष्यांचे थवे. मिठागरांसाठी समुद्राचं पाणी पंपानं आत घेतलं जातं, तसा दलदलीचा खारटपणा बदलत जातो आणि त्याबरोबर त्यात काय जगेल तेही. म्हणून जुने पक्षीवाले इथल्या आजच्या थव्यांकडं बघून खूश होत नाहीत. मला तुलना करायला जुनं काही नव्हतं, मी खूश होते.

चिखलपक्ष्यांत मला सगळे सारखेच दिसतात, हे दादासमोर बोलायची सोय नाही. पण संध्याकाळी एक हातभर अंतरावरून बघायला मिळाला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं पक्ष्यांना कडी घालायचं काम इथं 1969 पासून चालत आलंय. त्याचा उगम गमतीचा: 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात एक नवा ताप उपटला, स्थलांतरित पक्ष्यांनी तो आणला की काय अशी शंका आली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर सलीम अली पक्षी पकडून कडी घालायला लागले. तापाचं खापर पक्ष्यांवर काही फुटलं नाही, पण कोण कुठून येतो आणि कुठं जातो ते कळत गेलं.

जाळं म्हणजे केसांसारख्या काळ्या धाग्याचं, अंधार पडू लागला की दिसतच नाही. कडी घालणाऱ्यांतल्या एका मुलानं त्यातून एक पक्षी सोडवून आणला. छोटा टिलवा. मूठ मिटली तर आत मावेल. वजन करायला त्याला एका नळकांड्यात डोकं खाली करून घातला: तेवीस ग्रॅम. म्हणजे चहाचे चार चमचे साखर. पंखाची लांबी पट्टीवर, चोच, पाय, छातीवरची चरबी फुंकर मारून पिसं बाजूला करून बघितली. मग पक्कडीनं अॅल्युमिनियमचं कडं पायावर मिटवलं. त्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा अशी इंग्रजी अक्षरं, भिंगातून वाचावी अशी. एप्रिलपर्यंत याच्या अंगावर चरबी चढेल आणि तो निघेल, सायबेरियाच्या टुंड्रात अंडी घालायला. तिकडं कुणाला सापडलाच तर मुंबईला पत्र येईल. दादा दोन्ही हात मागं बांधून उभा होता, देवळात उभा राहतो तसा. मुलानं तळहात उघडला, टिलवा क्षणभर बसून राहिला आणि मग चिखलाच्या दिशेनं सरळ, खालून, निघून गेला.

‘‘याला म्हणतात बघणं,’’ दादा म्हणाला.

परतताना अभयारण्याच्या रस्त्यावर आमची गाडी थांबली. दिव्यांच्या उजेडात सकाळचाच तो घोडा, किंवा त्याचा भाऊ, रस्त्याच्या मधोमध आडवा. मागं दोन घोड्या. दिवसभर तापलेलं डांबर त्यांना आवडत असावं. अण्णांनी हॉर्न वाजवला. घोड्यानं एक कान हलवला. अण्णांनी दिवे कमी-जास्त करून पाहिले. दादा म्हणाला, खाली उतरू नका, रानटी आहे, लाथ घालेल. वाटाडे मागच्या सीटवर झोपले होते. एवढ्यात मागून वेदारण्यमची शेवटची बस आली, करकचून थांबली, आणि कंडक्टर तिकिटांची पेटी काखोटीला मारून खाली उतरला. आमच्याकडं त्यानं बघितलंही नाही. सरळ घोड्याच्या मागं गेला, पुठ्ठ्यावर एक सणसणीत थाप मारली आणि तमिळमध्ये काहीतरी बोलला. घोडा निमूटपणे बाजूला झाला, पाठोपाठ घोड्या. कंडक्टरनं शिट्टी फुंकली.

‘‘काय म्हणाला तो?’’ मी अण्णांना विचारलं.

‘‘म्हणाला, रोज रोज काय?’’